माल किती आहे ते नको, किती दिवस पुरेल ते सांगा

कुठल्याही छोट्या धंदेवाल्याला विचारा, "तुमच्याकडे माल किती आहे?" उत्तर दोनपैकी एक येतं. "भरपूर आहे" किंवा "संपत आलाय". जरा हिशोबी माणूस असेल तर सांगेल, "तीन लाखांचा माल पडलाय." पण यातल्या एकाही उत्तरावरून कळत नाही की आज ऑर्डर द्यायची की नाही. तीन लाखांचा माल चार दिवसांत संपू शकतो आणि तोच माल चार महिने फळीवर धूळ खात पडू शकतो. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: माझ्याकडे आत्ता जो माल आहे तो पुढच्या मागणीला किती दिवस पुरेल?

याला स्टॉक कव्हर म्हणतात. मोठ्या कंपन्यांमध्ये सप्लाय प्लॅनिंगचे लोक दर आठवड्याला हाच आकडा बघत बसलेले असतात. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागतं असं नाही. एक वही, पेन्सिल आणि कालनिर्णय पुरतं. कालनिर्णय का, ते पुढे येईलच, आणि माझ्या मते या लेखातला तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

मागे बघून गाडी चालवणं

बहुतेक लोक कव्हर काढतात ते असं: गेल्या महिन्यात किती विकलं, त्याची आठवड्याची सरासरी काढली, हातातल्या मालाला तिने भागलं. सोपं आहे. वर्षातले सहा-सात महिने ते चालूनही जातं. पण आपल्याकडचा धंदा सणावर चालतो, आणि सण आला की हाच आकडा दगा देतो.

उदाहरण घेऊ. समजा डोंबिवली पूर्वेला एक ताई चकलीची भाजणी, उपवासाची भाजणी, अनारशाचं पीठ, मेतकूट असं करून विकतात. घरातूनच सुरू केलं, आता दोन मदतनीस आहेत, आसपासच्या दुकानांत माल जातो. आकडे मी मनाचे घेतोय, पण तारखा खऱ्या आहेत. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ताई २८ सप्टेंबरच्या सोमवारी माल मोजायला बसल्या. चकलीची भाजणी ३०० किलो निघाली. मागचे चार आठवडे विक्री झाली ५०, ४५, ५५ आणि ५० किलो. सरासरी ५०. तीनशे भागिले पन्नास, सहा आठवडे. सहा आठवडे म्हणजे थेट ८ नोव्हेंबरचा रविवार! ताई म्हणणार, चला, लक्ष्मीपूजनापर्यंतची सोय झाली.

आता हेच पुढे बघून करू. ताईंनी येणाऱ्या सहा आठवड्यांचा अंदाज मांडला:

२८ सप्टेंबरचा आठवडा: ६० किलो
५ ऑक्टोबरचा: ७०
१२ ऑक्टोबरचा, नवरात्राचा: ८०
१९ ऑक्टोबरचा, २० तारखेला दसरा: १५०
२६ ऑक्टोबरचा: २४०
२ नोव्हेंबरचा: २००

आता ३०० मधून एकेक आठवडा वजा करत जायचं. साठ गेले, उरले २४०. सत्तर गेले, १७०. ऐंशी गेले, ९०. पुढच्या आठवड्याला हवेत १५० आणि हातात आहेत ९०, म्हणजे तो आठवडा ६० टक्केच भरला. एकूण कव्हर झालं ३.६ आठवडे. म्हणजे २३ ऑक्टोबरच्या शुक्रवारी डबा रिकामा. दिवाळीला सोळा दिवस बाकी आणि अजून ५०० किलोची मागणी उभी आहे.

तोच माल, तोच दिवस. एका पद्धतीने सहा आठवडे आणि दुसऱ्या पद्धतीने साडेतीन. यातली पहिली पद्धत चुकीची नाही, ती फक्त काल काय झालं ते सांगते. आणि माल कालसाठी ठेवायचा नसतो.

गंमत पुढे आहे. हीच मागे बघणारी पद्धत दिवाळीनंतर बरोबर उलट चुकते. ९ नोव्हेंबरच्या सोमवारी समजा ताईंकडे २०० किलो भाजणी उरली. मागच्या चार आठवड्यांची विक्री ८०, १५०, २४०, २००, सरासरी साधारण १६७. कव्हर आलं सव्वा आठवड्याच्या आत. घाबरून माणूस लगेच डाळ-तांदूळ भाजायला काढेल! पण फराळ झाल्यावर भाजणीला विचारतो कोण? पुढचा अंदाज आठवड्याला २५ किलोचा असेल तर हातातला माल आठ आठवडे पुरणार आहे. नवीन काही करायचंच नाही, उलट जुनी पाकिटं आधी संपवायची.

म्हणून सणासुदीच्या धंद्यात कव्हर नेहमी येणाऱ्या मागणीवर काढायचं. आठवड्यामागून आठवडा वजा करत जायचं. भागाकार करायचाच नाही.

इंग्रजी महिन्याने घात होतो

आता तुम्ही म्हणाल, सर, अंदाज आणायचा कुठून? अंदाजपंचे दाहोदरसे करून चालेल का? नाही चालणार. पण मागच्या वर्षीची वही काढून "गेल्या ऑगस्टमध्ये इतकं विकलं, या ऑगस्टमध्येही तितकंच विकेल" असं केलंत तरी फसाल. कारण आपले सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत.

गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर. २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. यंदा अधिक महिना आल्यामुळे ती परत १४ सप्टेंबरला गेली. श्रावण गेल्या वर्षी २५ जुलैला सुरू झाला, यंदा १३ ऑगस्टला. म्हणजे उपवासाच्या भाजणीची, साबुदाण्याची, राजगिऱ्याच्या लाडवांची जी मागणी गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली, ती यंदा त्या तारखांना येणारच नाही. ज्याने गेल्या वर्षीचा ऑगस्ट बघून माल भरला, त्याचा माल दोन-अडीच आठवडे नुसता बसून राहणार. आणि वैताग असा की तो अंदाजाला दोष देणार, "या वर्षी मार्केटच नाही" म्हणणार. मार्केट आहे. ते पंचांगाने चालतंय आणि आपण इंग्रजी महिन्याने.

उपाय सोपा आहे. मागच्या वर्षाची विक्री तारखेप्रमाणे लिहू नका, सणापासूनच्या अंतराने लिहा. दिवाळीच्या आधीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा असं सहाव्यापर्यंत. यंदाचा अंदाज काढताना त्या त्या आठवड्यासमोर तो आकडा ठेवायचा आणि त्याला यंदाच्या वाढीने गुणायचं. वाढ कशी काढायची? सण नसलेले आठ आठवडे घ्या, मागच्या वर्षीचे तसेच साधे आठ आठवडे घ्या, दोन्हींची तुलना करा. वीस टक्के जास्त विकलं असेल तर दिवाळीचे आकडेही वीस टक्क्यांनी चढवा. परिपूर्ण नाही, पण अंदाजपंचेपेक्षा कितीतरी बरं.

अधिक महिन्याचं वेगळं प्रकरण आहे. दर साधारण तीन वर्षांनी येतो, त्यामुळे "मागच्या वर्षी"च्या वहीत तो सापडतच नाही. यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून होता. धोंड्याचा महिना म्हटलं की जावयाला ३३ अनारशांचं वाण. अनारशाचं पीठ करणाऱ्यांसाठी ही मे महिन्यातली दिवाळीच. पण त्याच काळात लग्नाचे मुहूर्त नसतात, गृहप्रवेश टाळले जातात. मे-जूनचा लग्नसराईचा महिना असा मधूनच गेला की ठाण्या-कल्याणच्या हॉल डेकोरेशनवाल्यांना, रुखवत करणाऱ्यांना, पत्रिका छापणाऱ्यांना त्याची झळ बसते. एकाच महिन्याने एकाची मागणी चढली आणि दुसऱ्याची पडली. याआधीचा अधिक महिना होता अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. त्या वेळची वही कुणी जपून ठेवली असेल तर तिची किंमत आज कळेल.

आणखी एक. करोनाच्या काळातल्या वह्या अंदाजासाठी वापरू नका. मार्च २०२० नंतरचे आकडे लॉकडाऊनचे आहेत, मागणीचे नाहीत. हे सगळ्यांना पटतं. पण रोजच्या धंद्यातही हीच गडबड लहान प्रमाणात चालू असते आणि ती कुणी बघत नाही. समजा तुमचं मेतकूट आठवड्यात चार दिवस संपलेलं होतं आणि तीन दिवसांत २० पाकिटं गेली. वहीत लिहिलं, विक्री २०. पुढच्या आठवड्याचा अंदाज २०. अहो, मागणी २० नव्हती! माल नव्हता म्हणून विक्री २० झाली. तुमच्याच टंचाईवरून तुम्ही पुढचा अंदाज काढताय, म्हणजे टंचाई कायमची. म्हणून काउंटरवर एक छोटी वही ठेवा आणि तिला नाव द्या "परत गेलेलं गिऱ्हाईक". कुणी काही मागितलं आणि आपण "नाही" म्हटलं, की एक रेघ. महिन्याभरात त्या रेघा काय सांगतात ते बघा.

परदेशी फराळाचं गणितही लक्षात ठेवा. अमेरिका-इंग्लंडला जाणारे डबे दिवाळीच्या बऱ्याच आधी कुरिअरला पडतात, म्हणजे ही मागणी गल्लीतल्या मागणीच्या आधी येते. दोन्ही एकाच ओळीत मिसळल्या तर अंदाजाचा आकार बिघडतो. वेगळ्या ओळी करा.

किती कव्हर म्हणजे पुरेसं?

"सर, पंधरा दिवस कव्हर चांगलं की वाईट?" हा प्रश्न मला सारखा येतो. कशाचं पंधरा दिवस, ते आधी सांगा.

अनारशाचं पीठ घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत कपड्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचा. गूळ किंवा साखर घालून गोळा करायचा आणि चार-पाच दिवस मुरू द्यायचा. म्हणजे आज ठरवलं तर विकायला तयार माल मिळायला नऊ दिवस. इथे पैसे फेकून, माणसं वाढवून काही होत नाही. तांदूळ भिजायला तीन दिवसच घेणार. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला अनारशाचा धंदा करता येत नाही.

हे नऊ दिवस म्हणजे लीड टाइम. त्यात आपण माल किती दिवसांनी मोजतो ते मिळवायचं. दर सोमवारी मोजत असाल तर सात दिवस, कारण मंगळवारी माल घसरला तरी तुम्हाला पुढच्या सोमवारीच कळणार. झाले सोळा. आता वर थोडी गादी हवी, अंदाज चुकला किंवा पुरवठा लांबला तर. ही गादी किती? मागच्या आठ-दहा आठवड्यांत अंदाज आणि खरी विक्री यांत सगळ्यात मोठी तफावत किती पडली ते बघा. अंदाज १०० किलोचा आणि विक्री १३० ची झाली असेल तर ३० किलोची गादी. रोजच्या मागणीत त्याचे किती दिवस होतात ते मिळवा. समजा चार दिवस आले तर अनारशाच्या पिठाचं तुमचं लक्ष्य झालं वीस दिवस. सोमवारी पुढे बघून काढलेलं कव्हर वीस दिवसांच्या खाली आलं की तांदूळ भिजत घालायचा. विचार करत बसायचं नाही.

पण या पिठासाठी तांदूळ मात्र वीस दिवसांचा साठवायची गरज नाही. कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी गेलात की दुपारी तांदूळ घरी. हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, सगळं तसंच. आपल्या भागाचा हा मोठा फायदा आहे आणि लोक तो वापरत नाहीत. घर भरून पोती ठेवतात, मग पावसाळ्यात किडा लागतो.

भिवंडीचं तेच. मुंबईत जकात होती तेव्हा जकात नाक्याच्या बाहेर म्हणून भिवंडीच्या आसपास गोडाऊनं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊनं वाढतच गेली, कारण नाशिक हायवे, ठाणे, मुंबई सगळं जवळ. ठाण्यात किंवा डोंबिवलीत स्टेशनरी, मोबाईल ॲक्सेसरीज, कॉस्मेटिक्सचं दुकान टाकणाऱ्याचा डिस्ट्रिब्युटर भिवंडीतून दोन दिवसांत माल देत असेल, तर तुमचा निम्मा स्टॉक भिवंडीत ठेवलेलाच आहे असं समजा. भाडं तो भरतोय, व्याज तो भरतोय. तुम्ही कशाला दोन महिन्यांचा माल विकत घेऊन माळ्यावर चढवताय? "जास्त घेतला तर दोन टक्के सूट मिळते" हे उत्तर मला माहीत आहे. त्या सुटीचा हिशोब खाली करू.

उलट बाजू म्हणजे छापील पाऊच. बारीकशी वस्तू. पण छपाईला तीन-चार आठवडे लागतात आणि कमीत कमी अमुक हजार नग घ्यावेच लागतात. शंभर किलो भाजणी तयार आहे आणि पाऊच नाहीत, म्हणजे शून्य माल आहे. म्हणून कव्हर तयार मालाचं काढता तसंच पाऊच, लेबल, डबे यांचंही काढा. आणि त्यातही हात आखडता ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, नमकीनसारख्या वस्तू १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या. ज्याच्याकडे जुनी एमआरपी छापलेली पाकिटं महिनाभराची होती त्याचं काम लवकर आटोपलं. ज्याने स्वस्त पडतात म्हणून वर्षभराची छापून ठेवली होती त्याच्यासमोर तो ढीग उभा राहिला.

पावसाळ्यात गादी जाड करा. २६ जुलै २००५ आपल्या भागातला कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून पडली, हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. असे दिवस रोज येत नाहीत, पण जुलै-ऑगस्टमध्ये ट्रक दोन दिवस उशिरा येणं यात नवल काहीच नाही. रस्त्यांचंही तसंच. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा सुरू झाला जानेवारी २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं तिथून टेम्पो आणणाऱ्याचा लीड टाइम कागदावर एक आणि रस्त्यावर दुसराच होता. लीड टाइम लिहायचा तो सप्लायर तोंडाने सांगतो तो नाही. मागच्या पाच ऑर्डरी प्रत्यक्ष किती दिवसांत आल्या तो.

एकूण सरासरी हा गोड गैरसमज

आता समजा कल्याणमध्ये शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. जूनच्या सुरुवातीला ४०० सेट आहेत, पुढच्या चार आठवड्यांचा अंदाजही ४०० चा. एकूण कव्हर २८ दिवस. झकास! पण फळीवर जाऊन बघा. २८ नंबरचे दहा सेट आहेत आणि त्याची मागणी ७० ची, म्हणजे चार दिवस. २० नंबरचे १२० सेट आहेत आणि मागणी ४० ची, म्हणजे ८४ दिवस, तेव्हा शाळेची सहामाही जवळ आलेली असेल. १५ जूनला शाळा उघडते, आई मुलाला घेऊन येते, तिला २८ नंबर पाहिजे. "माझ्याकडे एकूण ४०० सेट आहेत" याचा तिला काय उपयोग?

म्हणून कव्हर प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक साइजचं वेगळं. दुकानात चाळीस प्रकार असतील तर चाळीस ओळी. मग दर सोमवारी तीन आकडे मोजा: किती ओळी लक्ष्याच्या खाली, किती लक्ष्याच्या आसपास, किती दुपटीच्याही वर. समजा ९, २० आणि ११ आल्या. म्हणजे चाळीसपैकी निम्म्याच वस्तूंचा माल मागणीशी जुळतोय. पुढच्या महिन्यात २० च्या २६ झाल्या की तुमचं प्लॅनिंग सुधारतंय. एकूण मालाची किंमत कमी झाली की वाढली याच्यापेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक आहे.

ज्या ओळी दुपटीच्या वर आहेत त्यांत तुमचा पैसा झोपलेला आहे. हिशोब करून बघा. तीन लाखांचा माल, कव्हर ६० दिवसांचं. म्हणजे दिवसाला पाच हजारांचा माल जातो. २५ दिवस पुरेसे असतील तर लागतो सव्वा लाखाचा माल. पावणेदोन लाख नुसते अडकले. बारा टक्क्यांनी कर्ज असेल तर त्याचं वर्षाचं व्याज २१ हजार, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. वर जागा, उंदीर, एक्स्पायरी वेगळं. आता ती दोन टक्के सूट काढा: नेहमीपेक्षा ५० हजारांचा माल जास्त उचलून हजार रुपये वाचले. तो जास्तीचा माल दोन महिन्यांत गेला तर त्यावर व्याज फार तर हजार. सूट तिथेच खलास. चार महिने पडला तर तुम्ही सप्लायरला स्वतःच्या खिशातून सूट दिलीत.

मोजायचं काय आणि काय नाही

कव्हर काढताना वरचा आकडा, म्हणजे "माल", तोच चुकीचा घेतला तर पुढचं गणित व्यर्थ. फुटलेलं पाकीट माल नाही. ज्याची तारीख पंधरा दिवसांत संपतेय ते पाकीट एका महिन्याच्या कव्हरमध्ये धरता येत नाही. दुकानदाराकडे विक्री झाली तर पैसे या बोलीवर ठेवलेला माल वेगळा लिहा. सप्लायर "निघालाय, निघालाय" म्हणतोय तो माल फळीवर येईपर्यंत वेगळ्या रकान्यात. तो कधी येणार त्या आठवड्यात मिळवायचा, आजच्या आकड्यात नाही.

आगाऊ ऑर्डरींबाबत एक घोटाळा नेहमी होतो. कुणी ५० किलोची ऑर्डर ॲडव्हान्स देऊन ठेवली. आपण ते ५० मालातून वजा करतो. बरोबर. पण अंदाज काढताना तेच ५० किलो मागणीतही धरलेले असतात. एकाच ऑर्डरची दोनदा वजाबाकी झाली आणि कव्हर उगाच कमी दिसलं. एक काहीतरी ठरवा. मला विचाराल तर मालाला हात लावू नका, ऑर्डर त्या त्या आठवड्याच्या मागणीत लिहा.

आणि महिन्याला एकदा कव्हरचीच परीक्षा घ्या. ज्या वस्तूला महिन्याच्या सुरुवातीला तीन आठवडे कव्हर दिसत होतं ती खरंच तीन आठवडे पुरली का? दीड आठवड्यात संपली असेल तर माल कमी नव्हता, अंदाज तोकडा होता. एकच वस्तू सलग तीन महिने अंदाजापेक्षा जास्त विकली जात असेल तर तुम्ही तिच्याबद्दल उगाच भित्रे आहात. सलग कमी विकली जात असेल तर तुम्ही तिच्या प्रेमात आहात. दुसरा प्रकार जास्त दिसतो, विशेषतः स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूंच्या बाबतीत.

जिथे हे सगळं चालत नाही असा एक धंदा सांगतो, कारण जुलै आला की त्याबद्दल फोन सुरू होतात. गणपतीच्या मूर्तींचा स्टॉल. पेणहून मूर्ती आणायच्या, ठाण्यात किंवा डोंबिवलीत स्टॉल लावायचा. इथे पुन्हा ऑर्डर देऊन माल मागवणं जवळपास नसतंच. बुकिंग कित्येक महिने आधी होतं, आणि चतुर्थीच्या दुपारनंतर उरलेल्या मूर्तीची मागणी शून्य. १४ सप्टेंबरनंतर पुढच्या मागणीपर्यंत थेट एक वर्ष. त्यामुळे इथे "किती दिवस पुरेल" विचारून उपयोग नाही. इथे विचारायचं, एक मूर्ती कमी पडली तर किती नफा बुडतो आणि एक उरली तर किती पैसे अडकतात. समजा मूर्तीवर ४०० रुपये सुटतात आणि उरली तर सांभाळणं, मोडतोड धरून ८०० जातात. म्हणजे उरण्याचा फटका दुप्पट. मग अंदाज २०० चा असेल तर २०० आणू नका, त्याच्या थोड्या खाली थांबा. आणि ॲडव्हान्स बुकिंग जितकं जास्त घ्याल तितकी अंदाजाची गरज कमी. मूर्तीच्या उंचीप्रमाणे मात्र इथेही वेगळ्या ओळी कराच. दीड फुटाच्या गिऱ्हाइकाला तीन फुटांची मूर्ती विकता येत नाही, त्याचा देव्हारा तेवढाच असतो.

या सोमवारी चाळीसच्या चाळीस वस्तू घेऊ नका. सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या पाच घ्या. प्रत्येकीसमोर आजचा माल, पुढच्या सहा आठवड्यांचा सणाप्रमाणे अंदाज, वजाबाकी, आणि मागच्या पाच ऑर्डरींवरून निघालेला लीड टाइम. चहा थंड व्हायच्या आत होतं. आषाढी २५ जुलैला आहे आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत श्रावण, तेव्हा उपवासाच्या पदार्थांवाल्यांनी आपल्या पाचांत साबुदाणा आणि वरईची ओळ आधी लिहावी.